घरातले स्पीकर तेच, रिसिव्हर नवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत माझं ॲम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं काम आहे. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत फोनवर एकच विचारणा असते: "होम थिएटरसाठी कुठला रिसिव्हर (टीव्ही-प्लेअरचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घेऊ?" मी उलट विचारतो, "घरात स्पीकर कुठले आहेत?" की पलीकडे शांतता. मग आतल्या खोलीत हाक जाते, "अगं, त्या स्पीकरचं नाव काय गं?" तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

स्पीकर आधीपासून आहेत. सुरुवात कुठून करू?

स्पीकरच्या पाठीमागून. तो भिंतीपासून ओढा, जाळी झटका, मोबाइलची बॅटरी लावा आणि वायर जोडायच्या जागेजवळची पट्टी वाचा. त्यावर साधारण तीन गोष्टी असतात. एक, ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध: ४, ६ किंवा ८. दोन, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते, उदाहरणार्थ ८७. तीन, वॉट. गिऱ्हाईक मला तिसरी गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवतं आणि पहिल्या दोन गाळतं. रिसिव्हर ठरतो तो त्या पहिल्या दोनांवर. पट्टीचा फोटो काढा आणि मगच दुकानात जा.

पट्टी फाटली आहे. आता ओहम कसे कळणार?

साधा मल्टिमीटर घ्या. स्पीकरची वायर दोन्हीकडून मोकळी करा आणि मीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकांना लावा. मीटर दाखवतो तो डीसी रोध, आणि तो छापील आकड्यापेक्षा कमीच येतो. साडेपाच ते सातच्या मध्ये आला तर स्पीकर ८ ओहमचा समजा, तीन-साडेतीनच्या आसपास आला तर ४ चा. मधे कुठेतरी चार-पाच आला तर ६ चा धरून चला. काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे किंवा आत सोल्डरचा टाका सुटला आहे. तेव्हा रिसिव्हरचा विषय नंतर, आधी दुरुस्ती.

एवढं केलंच आहे तर जाळी काढून वूफरच्या (खालचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा मऊ फोमही बोटानं हलकेच दाबून बघा. पंधरा-वीस वर्षांत तो शिळ्या भाकरीसारखा होतो, हात लावला की तुकडे पडतात. कडा नवी बसवता येते आणि ते काम नव्या स्पीकरच्या मानानं स्वस्तात होतं. पण फाटक्या कडेवर नवा रिसिव्हर लावून "खर्रखर्र येतंय, रिसिव्हर खराब निघाला" म्हणत माझ्याकडे येऊ नका.

ओहमचा एवढा बाऊ कशाला?

शेतातल्या मोटारीचा विचार करा. पाइप रुंद केला की पाणी जास्त जातं, पण मोटारीवर ताण येतो. ओहम कमी म्हणजे पाइप रुंद. रिसिव्हरनं २० व्होल्ट दिले तर ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपिअर करंट जातो, म्हणजे ५० वॉट. तेच २० व्होल्ट ४ ओहमवर दिले तर पाच अँपिअर आणि १०० वॉट. हा जादा करंट रिसिव्हरच्या ट्रान्सफॉर्मरला आणि आउटपुट ट्रान्झिस्टरला पुरवावा लागतो. उष्णता वाढते ती तिथेच.

त्यात छापलेला ८ हा ढोबळ आकडा असतो. आवाजाच्या पट्टीप्रमाणे खरा रोध वरखाली होतो. कागदावर ८ चे असलेले कित्येक स्पीकर काही स्वरांवर ४-५ पर्यंत उतरतात.

रिसिव्हरच्या माहितीपत्रकात "४ ते १६ ओहम" किंवा "६ ते १६ ओहम" असं दिलेलं असतं. स्पीकर ४ चे असतील तर पहिल्या जातीचाच घ्या. बऱ्याच रिसिव्हरमध्ये इम्पीडन्सची, म्हणजे ओहमची, एक सेटिंगही असते. ती खाली केली की आतला व्होल्टेज उतरतो, रिसिव्हर गार राहतो, पण ताकदही जाते. ८ ओहमचे स्पीकर असतील तर तिला हात लावू नका.

माझंच सांगतो. शिकाऊ असताना गल्लीतल्या गणपतीसमोर घरचा रिसिव्हर नेला होता. दोन स्पीकरनं आवाज पुरेना म्हणून प्रत्येक बाजूला आणखी एकेक समांतर जोडला. ८ आणि ८ समांतर म्हणजे ४, हे शाळेत पाठ केलेलं, पण ऐन वेळी आठवलं नाही. तास-दीड तास झकास वाजला. मग टक् करून बंद. थोड्या वेळानं चालू केला, परत टक्. तिसऱ्यांदा चालू केला तेव्हा वास आला. ऐन आरतीच्या वेळी सगळ्यांना टाळ्या वाजवाव्या लागल्या. ते टक् म्हणजे प्रोटेक्शन रिले होता, जादा ताण आला की स्पीकर तोडणारा आतला खटका. रिसिव्हर हात जोडून थांब म्हणत होता आणि मी त्याला ढोसत होतो.

मागे "ए" आणि "बी" अशा दोन जोड्या लावायची सोय असते, तिथेही हाच हिशेब. दोन्ही जोड्या एकदम वाजवणार असाल तर माहितीपत्रकात ए अधिक बी साठी किती ओहम चालतात ते बघा.

माझे स्पीकर १५० वॉटचे, रिसिव्हर ८० चाच. पुरेल का?

पुरेल. आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

स्पीकरवरचे १५० वॉट ही त्याची सहनशक्ती आहे, भूक नाही. टेम्पोवर "क्षमता २ टन" लिहिलं म्हणून भाजीची एक पाटी त्यात नेता येत नाही का?

आता आकडे बघू. स्पीकर ८७ डेसिबलचा, तुम्ही सोफ्यावर दहा फुटांवर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरानं साडेनऊ डेसिबल गळतात, पण बंद खोलीत भिंती मदत करतात, म्हणून सहा-सात धरू. म्हणजे १ वॉटवर कानाशी ८० डेसिबल. साधं बोलणं ६० च्या आसपास असतं. एका वॉटमध्येच जेवणखोलीतून ओरडा सुरू होतो की "जरा कमी करा".

पुढचा नियम असा: वॉट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे १० वॉटवर ९०, ८० वॉटवर ९९. आणि ८० ऐवजी १५० वॉटचा रिसिव्हर आणला तर? जेमतेम पावणेतीन डेसिबल जास्त. तेवढ्या फरकासाठी किंमत पाहा आणि ठरवा.

खरी तफावत सेन्सिटिव्हिटीत असते. ८२ डेसिबलच्या छोट्या, देखण्या स्पीकरला जो आवाज काढायला ८० वॉट लागतात, तोच ९१ डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्ये काढतो. आठपट फरक! म्हणून ९० च्या वरचे स्पीकर असतील तर सगळ्यात स्वस्त रिसिव्हर घ्या आणि उरलेल्या पैशात सबवूफर (फक्त अगदी खालचा, घुमणारा आवाज काढणारा डबा, थोडक्यात सब) बघा. ८४ च्या खालचे असतील आणि हॉल मोठा असेल तर वरच्या श्रेणीचा रिसिव्हर घ्या. शक्य तर प्री-आउट असलेला, म्हणजे पुढेमागे वेगळा पॉवर ॲम्प जोडता येईल.

सिनेमागृहाचं माप म्हणजे प्रत्येक मुख्य स्पीकरचे सगळ्यात मोठे झटके १०५ डेसिबल. रिसिव्हरबरोबर येणाऱ्या माइकनं सेटिंग केल्यावर बहुतेक रिसिव्हरवर व्हॉल्यूम ० म्हणजे तेच माप. माझ्या ओळखीच्या एकाही घरात तो काटा उणे १५ च्या वर टिकलेला मी पाहिलेला नाही.

मग कमी वॉटच्या रिसिव्हरनं स्पीकर जळतो म्हणतात, ते खोटं का?

खरं आहे, पण अर्धं. लहान रिसिव्हर त्याच्या कुवतीबाहेर पिळला की आवाजाच्या लाटेचा माथा सपाट होतो. आवाज फाटतो आणि त्या फाटक्या आवाजातली ऊर्जा ट्वीटरकडे, म्हणजे वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरकडे, जाते. माझ्याकडे येणारे जळके ट्वीटर बहुतेक असेच, लग्नाच्या वरातीआधी घरी "टेस्टिंग" केलेले. कान सांगतो. फाटला की कमी करा.

खोक्यावर १७५ वॉट आणि आत पुस्तिकेत ८०. कोण खोटं बोलतंय?

कोणीच नाही, मोजायची पद्धत वेगळी. उदाहरणच घ्या: डेनॉनचा एव्हीआर-एक्स १८०० एच. ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ (अगदी खालच्या सुरापासून अगदी वरच्यापर्यंत), दोन चॅनल (म्हणजे दोन स्पीकरच्या वाटा) चालू, विकृती (आवाज बिघडण्याचं प्रमाण) ०.०८ टक्के, या अटींवर तो ८० वॉटचा. मोठे आकडे येतात ते ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झचा एक सूर, एकच चॅनल आणि १० टक्के विकृती या अटींवर. दहा टक्के विकृती म्हणजे लाउडस्पीकरवरून "हॅलो हॅलो माइक टेस्टिंग". दोन रिसिव्हरची तुलना करायची तर दोघांचे आकडे एकाच अटीचे घ्या. आणि दोन चॅनलचे ८० म्हणजे सातही चॅनल एकदम वाजताना प्रत्येकी ८० नव्हे, कारण ट्रान्सफॉर्मर एकच असतो. सुदैवानं सिनेमात सातही एकदम कळसाला क्वचितच जातात.

हा घोळ जुनाच आहे. अमेरिकेत १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशननं वॉट कसे मोजायचे याचा नियमच केला, आणि २०२४ साली तो पुन्हा घट्ट केला. आपल्याकडे एकेकाळी टू-इन-वनवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारोंचे आकडे असायचे, आठवतंय का? आत छोटासा फ्यूज आणि अंगावर तीन हजार वॉट.

जुन्या डीव्हीडीवाल्या होम थिएटरचे पाच डबे आहेत. ते वापरता येतील?

मागे ३ ओहम लिहिलं असेल तर नाही. तसे संच पुष्कळ विकले गेले. त्यांचा ॲम्प त्याच बेतानं केलेला होता, तुमचा नवा रिसिव्हर तसा नाही. रंगीत खटक्याच्या पिना कापून साध्या वायरी जोडता येतात, हे खरं. पण रोध थोडाच बदलतो? ६ किंवा ८ ओहमचे असतील तर मागचे स्पीकर म्हणून चालवा. त्या मुठीएवढ्या डब्यांना खालचा आवाज झेपत नाही, म्हणून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबकडे जातो ती रिसिव्हरमधली सीमा, १५० ते २०० हर्ट्झवर ठेवा.

त्या संचातला सबवूफर मात्र अडचणीचा. त्याला स्वतःचा ॲम्प नसतो, तो स्पीकरसारखाच वायरीनं चालायचा. रिसिव्हरच्या सबवूफर सॉकेटमधून नुसता सिग्नल निघतो, ताकद नाही. वेगळा ॲम्प मध्ये टाका किंवा सब नवा घ्या.

कॉम्प्युटरचे ४.१ किंवा ५.१ स्पीकर (चार किंवा पाच डबे आणि एक सब)?

नाही. त्यांचा ॲम्प सबच्या डब्यातच आहे. ते जसे आहेत तसे टीव्हीला लावा.

मंगल कार्यालयातले मोठे स्पीकर मोकळे आहेत...

मागे "१०० व्होल्ट लाइन" असं काही असेल, किंवा आत छोटा ट्रान्सफॉर्मर आणि वॉट निवडायचे टप्पे असतील तर ते जोडू नका, ती पद्धतच निराळी. साधे ८ ओहमचे असतील तर मजेनं जोडा. सेन्सिटिव्हिटी बऱ्याचदा ९५ च्या वर असते, छोटा रिसिव्हरही त्यांना नाचवतो. दिसायला ओबडधोबड, घरातून परवानगी मिळवायची जबाबदारी तुमची.

चांगले दोनच स्पीकर आहेत. सेंटर (टीव्हीपाशी मधोमध ठेवायचा, संवादांचा स्पीकर) दुसऱ्या कंपनीचा घेतला तर?

घाई नको. दोन स्पीकर चांगले असतील तर रिसिव्हरला सांगा की सेंटर नाही. तो संवाद डाव्या-उजव्यात सारखे वाटतो आणि मधोमध बसणाऱ्याला ते टीव्हीतूनच आल्यासारखे वाटतात. परका सेंटर लावला की नायक डावीकडून उजवीकडे चालत जाताना मध्येच त्याला सर्दी होते. सेंटर घ्यायचाच तर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला. ती मालिका बंद पडली असेल, कोलकात्याच्या सोनोडाइनचे जुने डबे असलेल्यांची हीच पंचाईत होते, तर पुढचे तिन्ही एकदम बदला किंवा दोनावरच सुखी राहा. मागच्या स्पीकरला एवढी नाटकं नसतात.

५.२ (पाच स्पीकर, दोन सबची सोय) पुरे की ७.२? ॲटमॉस हवंच का?

घरात किती स्पीकर खरोखर बसणार ते मोजा. ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज. ५.१.२ ॲटमॉससाठी सात चॅनल लागतात: पाच भोवती, दोन वर. सपाट स्लॅब असेल तर छतावर उडवून आवाज खाली आणणारे वरच्या तोंडाचे स्पीकरही बऱ्यापैकी चालतात. गावभागातल्या जुन्या वाड्यात, पत्र्याखाली किंवा लाकडी तुळयांच्या माडीखाली त्यांचा उपयोग नाही, आवाज परततच नाही नीट. तिथे खरे स्पीकर वर टांगा किंवा ५.१ वर थांबा. आधीचे पाच स्पीकर जिथल्या तिथे, कानाच्या उंचीला लागलेले ५.१ हे कोपऱ्यात कोंबलेल्या सातपेक्षा केव्हाही सरस.

माझा टीव्ही जुना आहे, ई-आर्क नाही. अडेल का?

आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनं रिसिव्हरकडे परत पाठवायची सोय, ई-आर्क ही तिची मोठी बहीण. ओटीटीवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या आटोपशीर प्रकारात येतं आणि ते साध्या आर्कमधूनही जाऊ शकतं, टीव्ही ते पुढे सोडत असेल तर. ई-आर्क लागतं ते ब्लू-रेच्या ट्रू-एचडीसारख्या मोठ्या ध्वनीला, आणि ब्लू-रे प्लेअर तुम्ही थेट रिसिव्हरलाच लावणार. टीव्हीला आर्कच नसेल तर ऑप्टिकल वायरनं ५.१ मिळतं. एवढ्यासाठी टीव्ही बदलू नका.

सबवूफर आहे. रिसिव्हरनं माझे मोठे स्पीकर "स्मॉल" दाखवले, अपमान झाल्यासारखं वाटलं.

मानू नका. "स्मॉल" म्हणजे ८० हर्ट्झच्या खालचं ओझं सबकडे. रिसिव्हरच्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा भार असा उतरतो आणि ८० वॉट १०० सारखे वाटतात. मीही माझे टॉवर स्मॉलवरच ठेवलेत.

बरोबर आलेल्या माइकनं सेटिंग करताना काय सांभाळू?

दुपारी करा, गल्ली शांत असते. पंखा बंद, फ्रिज जमलं तर बंद, कुकर तर मुळीच नको. मी एकदा तिसऱ्या शिट्टीला धरून सगळं मोजमाप परत केलंय. माइक हातात धरू नका आणि सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका. तिपाई नसेल तर स्टूलवर पुस्तकं रचून बसल्यावर कान येतो त्या उंचीला आणा. रिसिव्हरनं एखाद्या स्पीकरची "फेज" उलटी (म्हणजे धन-ऋण वायरींची अदलाबदल) सांगितली तर आधी वायर तपासा. शंका असेल तर दीड व्होल्टचा सेल वूफरच्या वायरींना क्षणभर लावा: धन टोक लाल टर्मिनलला लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा.

ऑडिसी, वायपाओ, डिराक ही नावं त्याच मोजमापाच्या पद्धतींची. माझा अनुभव असा की स्पीकर ठरलेले असले तर दोन रिसिव्हरमधला कानाला कळणारा फरक इथेच पडतो, वॉटमध्ये नव्हे.

वायर कुठली घेऊ?

शुद्ध तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची. दहा मीटर लांबीला जाऊन-येऊन जेमतेम पाव ओहम रोध होतो, ८ ओहमला तो काहीच नाही. ४ ओहमचे स्पीकर किंवा लांब पल्ला असेल तर अडीचची. आतून पांढरट निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम समजा आणि परत करा.

भाचा अमेरिकेहून रिसिव्हर आणतोय, तिकडे स्वस्त आहे.

पाठीमागे "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असेल तर इथल्या २३० वर थेट लावायचा नाही. माझ्याकडे असा एक आला होता. मालकांनी फक्त पिनेला कन्व्हर्टर लावला होता, व्होल्टेजचा नव्हे. फ्यूज उडाला म्हणून ट्रान्सफॉर्मर वाचला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, रिसिव्हरच्या पट्टीवरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा. त्याचं वजन, त्याची गुरगुर आणि इथे न मिळणारी वॉरंटी धरली तर भाच्याला चॉकलेट आणायला सांगा.

लाईटचा चढउतार, इन्व्हर्टर, उन्हाळा?

स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रिसिव्हर चालवू नका. ट्रान्सफॉर्मर गुंगुं करतो आणि तापतो. साइन वेव्हवर चालेल. न्यूट्रल सुटला की तीन फेजच्या लाइनवर व्होल्टेज ४०० कडे धावतो. आमच्या गल्लीत एकदा तसं होऊन तीन टीव्ही गेले. जादा व्होल्टेजला कट करणारं यंत्र मीटरजवळ बसवून घ्या.

उष्णतेचं म्हणाल तर शोकेसच्या काचेमागे रिसिव्हर ठेवणं बंद करा. वर चार बोटं तरी मोकळी जागा, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल, सेट-टॉप बॉक्स, गणपतीची मूर्ती काही नको. वरच्या फटींतून पाली आत जातात. दर उन्हाळ्यात दोन-तीन तरी रिसिव्हर मी केवळ पालीमुळे उघडतो. सर्किटवर चिकटलेली पाल सोडवणं हे काम दुरुस्तीच्या दरात धरलेलं नाही.

२०१९ च्या पुरात भिजलेले स्पीकर माळ्यावर आहेत. त्यांच्यासाठी रिसिव्हर घेऊ का?

आधी ते खाली काढा. डब्याचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) पाण्यानं फुगतं आणि पुन्हा बसत नाही. कोपरे उकलले असतील, पाठीची फळी पोळपाटासारखी वर आली असेल तर डबा गेला. वूफर मात्र कधी कधी वाचतो. पडदा दोन्ही हातांच्या बोटांनी सारखा दाबा. आत खरखर लागली तर गाळ किंवा गंज चुंबकाच्या फटीत शिरलाय, तो निघत नाही. गुळगुळीत हलला तर मीटर लावा, डब्यातल्या क्रॉसओव्हरचे (वरचा-खालचा आवाज वाटणाऱ्या सर्किटचे) हिरवे पडलेले टाके बघा आणि सुताराकडून त्याच मापाचा, आतल्या घनफळाचा नवा डबा करून घ्या. कृष्णेच्या पाण्यातून निघालेले दोन वूफर माझ्या दुकानात आजही वाजतात, प्लायवूडच्या डब्यात. सकाळी दुकान उघडलं की त्यांच्यावर मिरजेच्या तानपुऱ्याचं एक रेकॉर्डिंग लावतो. जवारीचा तो बारीक गुंजारव दोन्ही बाजूंनी सारखा आला की स्पीकर ठीक, मग शटर पूर्ण वर.